किती आणि कोठे

या वर्षीच्या अंकासाठी ‘जोड’ हा विषय निवडल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा माझे मन नात्यांच्या वा नद्यांच्या जोडीकडे न वळता आपल्या कला महाविद्यालयांतील एका जुन्या जोडीकडे वळले. अर्थशास्त्र आणि भूगोल हे दोन विषय बरोबरीने घेऊन पदवीपर्यंत पोहोचणारे विद्यार्थी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलामुलींना पाऊस, माती, भाव आणि कर्ज या गोष्टी लहानपणापासून ठाऊक असतात, स्पर्धा परीक्षांतही दोन्ही विषयांना स्थान असते, आणि म्हणून ही निवड त्यांना स्वाभाविक वाटते. परंतु वेळापत्रकात शेजारी बसलेले हे दोन विषय विद्यार्थ्याच्या विचारात एकमेकांशी बोलू लागतात काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर गौण विषय घेण्याची वाट अधिक रुंद केली असल्याने ती चौकशी आता करावी, या हेतूने पुण्यातील ज्या एका महाविद्यालयात दोन्ही विभागांनी मिळून क्षेत्र-अभ्यास हाती घेतला आहे, तेथील वर्गात बसण्याची आणि मुलांबरोबर हिंडण्याची परवानगी मी मागितली, व ती मोठ्या आस्थेने मिळाली.

एकच जमीन, दोन तास

सकाळच्या पहिल्या तासाला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी रिकार्डोचा खंड सिद्धान्त मांडला. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डेव्हिड रिकार्डोने असे प्रतिपादन केले की, लोकसंख्या वाढत जाते तसतशी अधिकाधिक निकस जमीन लागवडीखाली येते, आणि जी जमीन लागवडीचा खर्च जेमतेम भरून काढते तिच्या तुलनेने सुपीक जमिनीला जे आधिक्य मिळते तोच तिचा खंड होय. फळ्यावर तीन प्रतींच्या जमिनींचे तीन स्तंभ उभे राहिले, प्रत्येकाखाली उत्पन्नाचे आकडे आले आणि वजाबाकी झाली. जमिनीच्या स्थानाचा उल्लेख रिकार्डोनेही केलेला आहे, पण पाठ्यपुस्तकांतून उतरत उतरत तो आपल्या वर्गापर्यंत पोहोचेतो उरली ती केवळ सुपीकता. ती जमीन कोठे आहे हे विचारण्याचे कोणाला कारण पडले नाही.

मधल्या सुट्टीनंतर त्याच वर्गात भूगोलाच्या प्राध्यापिका आल्या आणि त्यांनी फळा पुसून एका बिंदूभोवती वर्तुळे काढली. उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात टेलो येथे योहान फॉन थ्युनेन नावाचा एक जमीनदार होता. आपल्या शेतीचे हिशेब त्याने वर्षानुवर्षे काटेकोरपणे ठेवले आणि १८२६ साली एका काल्पनिक एकाकी राज्याचे चित्र ग्रंथरूपाने मांडले. त्या राज्यातील सगळी जमीन सारखीच सुपीक. फरक तो केवळ मध्यवर्ती शहरापासूनच्या अंतराचा. दूध आणि भाजीपाला नाशवंत म्हणून शहरालगत, जळाऊ लाकूड वजनाला जड म्हणून त्याच्या पलीकडे, मग धान्य, आणि सर्वांत बाहेरच्या वर्तुळात स्वतःच्या पायांनी बाजारापर्यंत चालत येणारी गुरे.

एकाने अंतर बाजूस ठेवून मातीचा विचार केला, दुसऱ्याने माती बाजूस ठेवून अंतराचा. जमिनीला मोल कशाने येते या एकाच प्रश्नाची ही दोन अर्धी उत्तरे आहेत. परंतु आपल्या परीक्षापद्धतीत पहिले अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आलेखासह लिहावयाचे असते व दुसरे भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत वर्तुळांसह, आणि दोन्हींना चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी ती उत्तरे एकत्र आणल्यावाचून पदवीधर होऊ शकतो. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडणीचे काम आपण कोणाच्याच माथी दिलेले नाही. ते विद्यार्थ्याच्या स्वयंप्रज्ञेवर सोडून दिले आहे.

मॅकिंडर यांच्या वर्गातील विद्यार्थी

या दोन विद्या सुरुवातीपासून अशा विभक्त नव्हत्या. लंडनची अर्थशास्त्राची शाळा, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, १८९५ साली स्थापन झाली, तेव्हापासूनच तेथे आर्थिक भूगोलाची व्याख्याने होत आणि ती देणारे हॅलफर्ड मॅकिंडर हे पुढे १९०३ ते १९०८ या काळात त्या संस्थेचे संचालकही झाले. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या विद्यापीठाची धुरा एका भूगोलज्ञाने वाहिली, ही गोष्ट आपल्याकडील दोन्ही विषयांच्या प्राध्यापकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. व्यापार म्हणजे कोठून तरी कोठे तरी जाणारा माल, आणि त्या दोन ठिकाणांचे ज्ञान नसेल तर व्यापाराचे ज्ञान अपुरे, हे त्या संस्थेच्या प्रवर्तकांना पुरते उमगले होते. भूगोल आणि अर्थशास्त्र यांची संयुक्त पदवी ती संस्था अद्यापि देते.

याच मॅकिंडर यांच्या भूगोलाच्या वर्गात १९१६ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून आलेला एक मराठी विद्यार्थी दाखल झाला. भीमराव रामजी आंबेडकर यांनी त्या वर्षी एम. एस्सी. साठी नाव नोंदविले, तेव्हा निवडलेल्या विषयांत हॉबहाउस यांचे समाजशास्त्र आणि लोज डिकिन्सन यांचे राजकीय विचार यांच्याबरोबर मॅकिंडर यांचा भूगोलही होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली त्यांना परत यावे लागले, आणि लंडनचा अभ्यास पुरा होण्यास १९२३ साल उजाडले. बाबासाहेबांच्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. या भूगोलाच्या वर्गाची मात्र क्वचितच होते. त्या वर्गातून त्यांनी नेमके काय उचलले हे सांगण्याचा मोह मी आवरतो. परंतु परतल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९१८ साली, त्यांनी हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यात जमिनीचे तुकडे, तुकड्यांची विखुरलेली स्थिती, त्यांवर राबणारी माणसे आणि भांडवल यांचा एकत्र विचार आहे, एवढे निश्चित. त्या निबंधात पुणे जिल्ह्यातील ज्या गावाची पाहणी चर्चेला आली आहे, त्याच गावी आमची क्षेत्रभेट ठरली होती. तेथे जाण्यापूर्वी मात्र जमाबंदीच्या दप्तरातील एक प्रकरण सांगितले पाहिजे, कारण बसमध्ये मुलांचा वाद चालला होता तो त्याच प्रकरणावरून.

इंदापूरची आणेवारी

पेशवाई संपून इंग्रजी अंमल आल्यावर दख्खनचा सारा कसा ठरवावा, हा नव्या सरकारपुढचा पहिला मोठा प्रश्न होता. पुण्याचे दुय्यम कलेक्टर प्रिंगल हे हेलीबरी येथे माल्थसच्या हाताखाली शिकलेले होते. खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सरकारी हिस्सा ठरवावा, अशी योजना त्यांनी १८३० च्या सुमारास अमलात आणली. म्हणजे रिकार्डोचा खंड सिद्धान्त पुणे जिल्ह्याच्या रयतेला शब्दशः लावण्याचा तो प्रयत्न होता. हजारो शेतांचे निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी लागणारी माहिती विश्वसनीय रीतीने मिळणे शक्य नव्हते, आकारणी भारी पडली, आणि पडीक जमीन वाढत गेली.

त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात निराळी रीत घातली. उत्पन्न मोजण्याच्या भरीस न पडता त्यांनी जमीनच पाहिली. मातीचा रंग व पोत यांवरून तीन वर्ग, आणि पावणेदोन हातांपासून खाली खोलीच्या पायऱ्या, अशा रीतीने प्रती लावून सर्वोत्तम जमीन सोळा आण्यांची धरली. चुनखड, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष आढळल्यास प्रत उतरे. ही झाली माती. सबंध गावाचा दर ठरविताना मात्र हवामान, शेतीची रीत आणि बाजारपेठेचे सान्निध्य यांवरून गावांचे गट पाडले जात. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली आणि तिचे अवशेष आपल्या सातबारा उताऱ्यावर ‘आकार’ या शब्दात आजही शिल्लक आहेत.

वर्गातील फळ्यावर जे दोन अर्धे सिद्धान्त वेगवेगळे राहिले होते ते इंदापूरच्या शिवारात, प्रत्यक्ष महसूल गोळा करण्याच्या निकडीने, एकत्र आले होते. सत्तेने हे ज्ञान स्वतःच्या तिजोरीसाठी मिळविले याचा विसर पडू नये. तरीही वेगवेगळ्या उताराच्या, पोताच्या आणि अंतराच्या जमिनींना एकच माप लावता येत नाही, हे त्या मोजणीदारांना शेतात उभे राहिल्यावर कळले. बसमधील वाद असा होता की, प्रिंगल यांचा सिद्धान्त चुकला की केवळ आकडे चुकले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी निवाडा न देता मुलांना एवढेच सांगितले, ‘‘आज जी जमीन पाहाल तिची प्रत दोनदा लावा. एकदा विंगेटच्या डोळ्यांनी, एकदा बिल्डरच्या.’’

पवनेच्या काठी

पिंपळे सौदागर हे पवना नदीकाठचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरात इतके मिसळले आहे की, कोकणे चौकात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला येथे कधी शिवार होते हे सांगूनही पटू नये. रुंद रस्ते, दहा-बारा मजल्यांच्या इमारती, शिकवणी वर्ग, दवाखाने, आणि हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांची सकाळची गर्दी. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी याच गावाची घरोघर आणि शेतोशेत पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हिंदुस्थानातील खेड्यांच्या शास्त्रीय अभ्यासाच्या इतिहासात या गावाचे नाव कायमचे नोंदले गेले.

मान हे रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या पाहणीची खुबी मला अशी वाटते की, अमुक एक प्रश्न आपल्या शास्त्राचा नाही म्हणून त्यांनी तो सोडला नाही. मातीचे थर, विहिरींचे पाणी, पिकांची विभागणी, जमिनीची वाटणी, कर्ज, व्याज, जेवणातील धान्य, आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्यांची मजुरी, सारे त्यांनी एका सूत्रात आणले. जुन्या कागदपत्रांवरून त्यांनी दाखविले की, १७७१ साली येथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले. आणि दीडशेच्या आसपास खातेदारांची जमीन सातशेंहून अधिक तुकड्यांत विखुरली होती. १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांची स्थिती, बाहेरची मजुरी धरूनही, त्यांच्याच साध्या राहणीच्या मानाने तुटीची निघाली. शहर जवळ असल्यामुळे बाहेरच्या कामाची सोय असलेल्या गावाची ही अवस्था होती.

मुलांचे दोन गट पडले. एकाच्या हाती भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा आणि महानगरपालिकेच्या विकास आराखड्याची प्रत. दुसऱ्याच्या हाती प्रश्नावली. नदीकडे उतरणाऱ्या वाटेने जाताना भूगोलाच्या प्राध्यापिका मधूनमधून थांबून पायांखालच्या भरावाकडे, एखाद्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यातील मातीच्या थरांकडे मुलांचे लक्ष वेधीत होत्या. रस्त्यालगतच्या खड्ड्यात थोड्याच खोलीवर मुरूम लागला होता. नदीजवळच्या मोकळ्या पट्ट्यात मात्र काळी, खोल, गाळाची माती होती. विंगेटच्या मोजणीदाराने तिला वरची प्रत दिली असती, याविषयी वर्गात दुमत झाले नाही.

त्या पट्ट्यात थोडा भाजीपाला होता आणि बाकीचे रान पडीक होते. बांधावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना मुले लगेच ‘आबा’ म्हणू लागली, येथीलच जुने खातेदार निघाले. रस्त्याकडची जमीन त्यांच्या भावकीने पूर्वीच विकसनास दिली होती. हा तुकडा राहिला होता. एका मुलीने विचारले, ‘‘आबा, हाच का ठेवला?’’

‘‘ठेवला न्हाय गं बाई, ऱ्हायला,’’ आबा म्हणाले. ‘‘आमच्या आज्यानं नदीकडची जमीन पायजे म्हणून भावाशी भांडून वाटणीत घेतली. सोन्यासारखं रान. वरचं माळ धाकट्याला दिलं, मुरमाड म्हणून. आता ही निळ्या रेषेत गेली. बांधता येत न्हाय. आन् माळावर बारा मजले झाले.’’

निळी पूररेषा म्हणजे पुराच्या पाण्याची आखून दिलेली हद्द. तिच्या आत बांधकामास परवानगी मिळत नाही, आणि ती न मिळणेच योग्य आहे, कारण पवनेला पूर येतो तेव्हा नदी तिची जुनी जागा मागते. परंतु आबांच्या त्या चार वाक्यांनी सकाळचे दोन्ही तास मुलांच्या नजरेपुढे उभे केले. ज्या गुणामुळे त्या जमिनीची प्रत सोळा आण्यांकडे जात होती, तो गुण म्हणजे नदीने आणून टाकलेला गाळ. आणि ज्या कारणाने आज तिला गिऱ्हाईक नाही, ते कारणही तीच नदी. माळाची मुरमाड जमीन पायासाठी चांगली, रस्त्याला लागून, कारखान्यांना व हिंजवडीला जवळ. तिचे मोल पिकातून येतच नाही. वाटणीच्या वेळी न्याय्य ठरलेला सौदा दोन पिढ्यांत उलटा झाला, यात कोणाच्या कष्टाचा वा आळसाचा काही संबंध नव्हता.

१९१८ च्या निबंधात बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा येथेच पुढे आला. शेत लहान आहे म्हणून ते तोट्याचे ठरते, हा समज त्यांनी खोडून काढला. शेताचे आकारमान किफायतशीर की नाही हे त्यावर लागणारे श्रम, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी, हे मूळ दुखणे, आणि त्यावर खरा उपाय म्हणजे हा भार उचलून घेणारे उद्योग. तुकडे जोडणे एवढ्यानेच काही साधणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला. पण या गावात शेतीच्या प्रश्नाचा निकाल लावला तो १९५४ साली पिंपरीला सुरू झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून पुढे वाढत गेलेल्या कारखानदारीने. उपाय आला तो बाबासाहेबांनी सांगितला त्या दिशेने, हे खरे. मात्र त्याचा लाभ ज्याच्या नावे सातबारा होता त्याला जितका झाला, तितका त्याच शेतावर राबणाऱ्या भूमिहीनाला झाला काय, हे मुलांच्या प्रश्नावलीत नव्हते. एका विद्यार्थ्याने ते कोऱ्या जागेत हाताने लिहून घेतले, आणि त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता असे मला वाटते.

पट्टीवरील गाव

थ्युनेनची वर्तुळे पाहण्यासाठी दुसरी भेट गुलटेकडीच्या मार्केट यार्डात होती. रात्रीपासून आवक सुरू होते आणि दिवस वर येण्याआधी मोठे व्यवहार उरकतात, त्यामुळे मुलांना अंधारातच हजर राहावे लागले. गाळ्यागाळ्यावर जाऊन प्रत्येक मालाचे मूळ गाव, अंतर, वाहन आणि भाडे लिहून घ्यावयाचे होते. पालेभाज्यांच्या जुड्या शेकड्याच्या भावाने निघतात, त्या बहुतेक हवेली, पुरंदर, मुळशी या भोवतालच्या तालुक्यांतील, टोमॅटो नारायणगावच्या बाजूचा, आले सातारचे. येथवर जर्मन जमीनदाराचे चित्र जुळत होते. परंतु पुढे बटाटा आग्र्याचा, गाजर इंदूरचे, हंगामात मटार हिमाचलचा आणि शेवगा दक्षिणेचा निघाला, तेव्हा वर्तुळे मोडून नकाशावर लांबच लांब रेषा पसरल्या.

शेतकऱ्याला आडत्याकडून मिळणारी हिशेबपट्टी ही या अभ्यासातील मोठी मौल्यवान वस्तू आहे. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि वाहतुकीचे भाडे वेगवेगळे मांडलेले असते. आडत मात्र २०१६ पासून भाजीपाल्याच्या व्यवहारात शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते. पट्टीच्या डोक्यावर गावाचे नाव असते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी खालचे आकडे वाचतो, भूगोलाचा विद्यार्थी वरचे नाव. आणि दोन्ही वाचणाऱ्याला कळते की, एकाच भावाने विकलेल्या एकाच प्रतीच्या टोमॅटोचे दोन गावांच्या शेतकऱ्यांच्या हाती निरनिराळे पैसे का पडतात. घाटाच्या पलीकडचा, कच्च्या रस्त्यावरचा, स्वतःचा टेम्पो नसलेला शेतकरी भाव पडला की सर्वांच्या आधी बुडतो, कारण त्याचे भाडे भावाबरोबर उतरत नाही. गोळा केलेल्या पट्ट्यांतील अशा गावांची ठिकाणे नकाशावर मांडली तेव्हा ती यदृच्छेने विखुरलेली नव्हती. डोंगराच्या कडेने त्यांची एक रांग लागत होती.

गाडगीळांचा वारसा

ही रीत आपल्याकडे नवी नाही, हे दोन्ही प्राध्यापक मुलांना पुन्हा पुन्हा सांगत होते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पाहणीला अर्थशास्त्राच्या केंद्रस्थानी आणले. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरील त्यांचा १९४८ सालचा अहवाल मला या दृष्टीने आदर्श वाटतो. कालव्याचा लाभ पाणीपट्टीच्या वसुलीने न मोजता, पाण्याने पीक कसे बदलले, पिकाने मजुरी कशी वाढविली, मजुरीने बाजाराची गावे कशी फुगली, असा तो पाण्यामागून चालत गेलेला विचार आहे. त्याच प्रवरेच्या खोऱ्यात लोणीला पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखाना उभारला तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. ज्या भूमीचा अभ्यास केला तिच्याविषयीचे उत्तरदायित्व त्यांनी असे अंगावर घेतले.

पण आज अशा अभ्यासाला व्यवहारात वाट कशी काढावी लागते ते पाहिले म्हणजे मन उद्विग्न होते. भूगोलाला प्रात्यक्षिक आहे, अर्थशास्त्राला नाही. म्हणून क्षेत्रभेटीची हजेरी एकाच विषयात धरली जाते. संयुक्त अहवाल कोणी तपासावा, गुण कोणत्या पेपरात द्यावेत, यासाठी नियमात जागा नाही. हे दोन प्राध्यापक एकच अहवाल दोनदा तपासतात आणि दोन ठिकाणी स्वतंत्र गुण देतात. विद्यापीठाने दोन विषयांना मिळून एकच प्रकल्प आणि एकच तोंडी परीक्षा ठेवली, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही की नवे पद लागणार नाही. लागेल ती केवळ अभ्यासमंडळांची एक संयुक्त बैठक.

विद्यार्थ्यांपुढे दुसरीही चिंता असते. ही जोडी घेऊन पुढे काय, असे घरून विचारले जाते. भू-माहिती प्रणालीवर काम करणाऱ्या संस्था, बँकांचे कृषिकर्ज विभाग, पीकविमा, नगररचना, पाणलोट विकास, यांना नकाशा आणि ताळेबंद दोन्ही वाचता येणारा माणूस हवा असतो. पण जाहिरातीत पात्रता एकाच विषयाची लिहिलेली असते. वर्गातील एका मुलीने मला हे फार शांतपणे सांगितले. तिचे गाव माण तालुक्यात आहे. त्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरावर वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिच्या गावी त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. तिचे वडील शेतीबरोबर मेंढ्या राखतात. थ्युनेनच्या शेवटच्या वर्तुळातली म्हणजे आम्हीच, असे तिने पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले होते.

पुढच्या सत्रात हा वर्ग शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकला जाणार आहे. मान यांनी कानिटकरांच्या साहाय्याने केलेली दुसरी पाहणी या कोरडवाहू, शहरापासून दूरच्या गावाची होती आणि ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. आता त्या तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, चासकमानच्या कालव्याचे पाणी काही भागात पोहोचले आहे. तयारीच्या बैठकीत वाद झाला तो कुटुंब कोणाला म्हणावे यावरून. मान यांनी गावात चूल असलेली कुटुंबे मोजली. आता खातेदार पुण्यात राहतो, त्याच्या शेतावर दुसरा कोणी राबतो, आणि गावातल्या खोल्यांत कारखान्यात जाणारे परप्रांतीय राहतात. अर्थशास्त्राच्या गटाला उत्पन्न जेथे खर्च होते ते कुटुंब हवे होते, भूगोलाच्या गटाला जमिनीवर जे वसते ते. बराच वेळ निर्णय होईना. शेवटी माणच्या त्या मुलीने सुचविले की, प्रत्येक गट नंबरासाठी तीन नावे लिहावीत: सातबारावर कोण, शेतात कोण, आणि शेतावरच्या किंवा शेजारच्या घरात राहते कोण; मग तीन नावे किती ठिकाणी एक निघतात ते पाहावे. प्रश्नावलीचे पहिले पान त्या रात्री पुन्हा लिहिले गेले.